तपासणीच्या आदल्या दिवशी

आज मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे केला. "मॅडम, उद्या तपासणी. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांची नावं द्या. उद्या घरीच राहू दे त्यांना."

व्हरांड्यात फिनाईल शिंपडलं होतं. त्या वासानं डोकं भणभणलं आणि मी थेट माझ्या लहानपणीच्या आठवीच्या वर्गात जाऊन पोचले.

तेव्हाही तपासणीच होती, वासही हाच. इंग्रजीच्या सरांनी अशीच यादी मला करायला सांगितली, कारण माझं अक्षर चांगलं. सहा नावं मी मिरवत लिहिली. शेवटचं सुमनचं. मढ गावाहून पहिल्या एसटीनं यायची, माझ्याच बाकावर बसायची.

"मी बी?" तिनं विचारलं.

"तुला वाचता येत नाही, सर म्हणाले."

"मंग शिकवायचं कुनी?"

मी हसले होते. सरांचा राग येतोच, पण त्या हसण्याची चीड जास्त येते. तपासणी झाल्यावर पाच जण परत आले. सुमन आली नाही.

"किती नावं झाली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

कागद तसाच त्यांच्या हातात ठेवला. "सर, इंग्रजी मी शिकवते. उद्या कुणाला घरी ठेवायचंच असेल, तर मला ठेवा."