तिनं लपवलं नव्हतं

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला म्हणून उठायचो. आता सत्तरी उलटून गेली. मीही असाच गेलो, तर लोकांच्या लेखी ती लबाडच राहील.

आसेगावला ती आमच्या शेजारची. एसटी स्टँडवरून गल्लीकडे येताना एक चढ लागतो. त्या चढावर ती मध्येच थांबायची आणि बोट दाखवायची, "थांबा काकाजी, ते पाहा!" पाहावं तर कुणाच्या गच्चीवर नवी टाकी, नाहीतर तारेत अडकलेला पतंग. एकदा तर नुसती म्हैस होती.

"म्हशीत काय पाहू?"

"तुमाले काईच पाह्यता येत नाई. कोन्या पोरीचं जमवाले चालले काय एवढ्या घाईनं?"

खरं म्हणजे तिला दम लागलेला असायचा. तो खाली बसेपर्यंत ती समोरच्याला काहीतरी दाखवत राहायची. तुम्ही तिच्यासोबत चालला असता, तर तुम्हीही म्हशीकडेच पाहिलं असतं.

तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. आई लहानपणीच गेलेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी भोकाचं सांगितलं, तेव्हा तिच्या वडिलांसोबत मीही होतो. "पुढं कसलंही ऑपरेशन निघालं, तर हे आधी सांगायचं. विसरायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं.

लग्नं जमवण्यात तेव्हा माझा हात कोणी धरत नसे. तिच्यासाठी वाशीमचं स्थळ मीच आणलं. बैठकीआधी बापलेकीला समोर बसवून म्हणालो, "भोकाचं नाव काढाचं नाई. अशी पोरगी कोन करते?"

ती म्हणाली, "सांगून टाकू ना काकाजी. नाई म्हनले तं नाई."

"तू गप राह्य."

ती गप्प राहिली. मुलीचं दुखणं झाकणं ही आमच्याकडे मध्यस्थाची हुशारीच समजतात. साखरपुड्यात मी फेटा बांधून मिरवलो.

पुढे तिचे वडील वारले. काही वर्षांनी पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिला दवाखान्यात भरती केलं. मी भेटायला गेलो, तेव्हा भुलीचे डॉक्टर तिला विचारत होते, "हृदयाचा वगैरे काही त्रास?" पलंगाशी सासू उभी होती. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले होते.

पण बोललो मी. "काई नाई साहेब. लहानपनापासून पाहतो मी, ठनठनीत पोरगी आहे."

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि वाचा गेली होती. मोठ्या शहरात नेऊन तपासण्या झाल्या. रक्ताची गुठळी त्या भोकातून पलीकडे गेली आणि मेंदूत अडकली, असं निघालं. "आधी माहीत असतं तर वेगळी काळजी घेतली असती," तिथले डॉक्टर म्हणाले. "धोका टळलाच असता असं नाही, पण कमी झाला असता."

सासू तिला भरवायची, तिची वेणी घालायची. घास देता देता मला म्हणायची, "आमाले सांगतलं असतं तं काय टाकून देल्ली असती हिले? पन लपोलं हिनं. पाहा काकाजी, केवढं पोटात ठेवलं!"

पोर माझ्याकडे पाहायची. तिच्याजवळ शब्द नव्हते. माझ्याजवळ होते. मी मान डोलवायचो.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्याआधी शेवटचा भेटलो, तेव्हा सासू चहा ठेवायला आत गेली आणि आम्ही दोघंच उरलो. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. माझ्या शर्टाची वरची गुंडी खालच्या काजात अडकली होती. ती डाव्या हातानं गुंडी सोडवू लागली. बराच वेळ सुटेना. मी हललो नाही.

"पोरी," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. चूक तुही नव्हती, माही होती, मले माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.

"काकाजी, साखर किती टाकू?" सासूनं आतून विचारलं.

"एक चमचा," मी म्हणालो.