निर्यातीत लिहिलेला नवरा

घरी राहून बी.ए. करणाऱ्यांना मी रत्नागिरीत दर रविवारी अर्थशास्त्र शिकवतो. त्यांत पन्नाशीच्या एक बाई आहेत, नवरा परदेशी जहाजावर डॉलरच्या पगारावर असलेल्या. मागच्या बाकावर बसतात. कुठलाही आकडा मांडण्याआधी स्वतःशी पुटपुटतात, "आत, की बाहेर?" डॉलर महागला म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो, मग शेजारणीला पेट्रोल महागणार हे आठवून त्या तो घाईने आवरतात.

व्यवहारतोल, म्हणजे देशाची परदेशाशी होणारी देवघेव, शिकवताना त्यांनी नवऱ्याचा पगार मालाच्या निर्यातीत लिहिला.

"माणूस बाहेर धाडला, डॉलर आत आले. निर्यातच ना ओ सर?"

वर्ग हसला. मीही हसलो, वर म्हणालो, "मग आयात कधी करताय?"

त्यानंतर त्या यायच्या थांबल्या. घरी लग्नकार्य असेल, असं बाकीचे म्हणाले. मी मान डोलावली. त्यांचा नवरा वर्षभर घरी आलेला नाही, हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी तसं बोललो, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

गेल्या रविवारी त्या आल्या नि थेट पहिल्या बाकावर बसल्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो, बाई."

"ते राहू द्या. परीक्षा तोंडावर आलीय. पगार नेमका कुठं लिहायचा, ते सांगा."

"व्यवहारतोलाच्या चालू खात्यात, उत्पन्नाच्या ओळीत."

त्यांनी लिहिलं आणि मागे वळून त्या दिवशी हसलेल्या पोरांना म्हणाल्या, "लिहून घ्या रे. पेपरात आलं, तर तेवढे मार्क आमच्या ह्यांचे."