अर्थिंगचा खड्डा

इंदापूरच्या आमच्या घरी स्टिरिओ लावला की गाण्याच्या आधी घरघरच ऐकू यायची. भर एप्रिलात दुपारी एक वायरमन सायकलवरून आला. त्यानं डोळे मिटून स्पीकरला कान लावला. मग परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसून तिथली माती बोटांनी चुरून बघितली.

"मशीनला कायबी झालं न्हाय, सायेब. हितली माती पार वाळलीया. रोज तांब्याभर पाणी घालत जावा."

मी तांब्या भरून दिला. त्यानं पाणी खड्ड्यात ओतलं आणि थोड्या वेळानं घरघर थांबली. रिकामा तांब्या हातात धरून तो जरा वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मी गाणं ऐकत होतो.

खड्ड्याला आता मी रोज न चुकता पाणी घालतो. उन्हातून आलेल्या त्या माणसाला मात्र पाणी विचारायचं राहूनच गेलं.