आत्याने ओळखलेला शर्ट

आमच्या आत्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे, तरी गिरगावात पाहिलेल्या त्या इंग्रजी सिनेमातला खुनी तिने मध्यंतराआधीच ओळखला. माझा थोरला भाऊ, दादा, आम्हा दोघींना सकाळच्या खेळाला घेऊन गेला होता. पडद्यावर एक म्हातारी छत्री घेऊन लोकांच्या घरात नाक खुपसत हिंडत होती आणि मुडदा पडला तरी थेटर हसत होतं. एका माणसाच्या कोटाच्या बाह्या तोकड्या होत्या. "त्येच्या आंगात दुसऱ्याचो कोट आसा," आत्या मोठ्याने म्हणाली. तेच खरं निघालं. मग काय, आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचा तांब्या हरवला तरी आत्या छत्री घेऊन चौकशीला हजर. सगळे तिला डिटेक्टिव्ह म्हणून चिडवत. तिला ते आवडत असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दादा गेला आणि परतलाच नाही. त्याच्याबरोबर आमच्या गावचा एक मुलगा गेला होता. तो दादाच्याच गिरणीत होता, आमच्याकडे जेवायचा, गॅलरीत झोपायचा. संध्याकाळी गोळीबाराची बातमी आली, पाठोपाठ कर्फ्यू लागला. या दोघांचा पत्ता नाही.

कर्फ्यू उठल्याबरोबर आत्याने छत्री उचलली. तिने मला घेऊन एकेक पोलीस चौकी पालथी घातली. कुणी धड उत्तर देईना. मला सगळ्यांचा संताप येत होता, आत्याच्या त्या छत्रीचासुद्धा. सिनेमात मारणारा शोधायचा असतो. आम्हाला मारणारे ठाऊक होते, आमचा माणूस सापडत नव्हता.

परळच्या एका इस्पितळात, ओळख न पटलेल्यांचे कपडे दाखवले. त्यात एक पांढरा शर्ट होता. त्याच्या खिशाला निळ्या दोऱ्याचे टाके होते. घरात पांढरा दोरा संपला म्हणून आत्यानेच घातलेले. ती फरशीवर बसली. "आमचोच," एवढंच म्हणाली.

बाहेर घालण्याजोगा शर्ट आमच्या घरात तो एकच होता. ज्याचं काम महत्त्वाचं, त्याच्या अंगात तो जाई. पडद्यावर दुसऱ्याचा कोट ओळखणारी आत्या हे त्या घटकेला पार विसरली.

इस्पितळाच्या कर्मचाऱ्याने आम्हाला शवागारात नेऊन चादर बाजूला केली. आत गावचा मुलगा होता. "देवा, पावलास," आत्याच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिने पदर तोंडात कोंबला आणि ती रडू लागली. तिला आवरणं मला जमेना, कारण मीही मनात तेच म्हटलं होतं.

काही दिवसांनी दादा कोठडीतून सुटून आला. त्याच्या अंगात त्या मुलाचा फाटका शर्ट होता. मोर्चाला फाटक्यात कुठे जातोस म्हणून दादानेच जिन्यात अदलाबदल केली होती. तोवर आम्ही त्या मुलाला अग्नी दिला होता.

त्याची आई बोटीने आली. आत्याने तो शर्ट धुऊन, घडी करून ठेवला होता, तो तिच्या हातात दिला. तिने तो उलटापालटा करून पाहिला, टाक्यांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. गावाहून निघाल्यापासून घोटभर पाणीसुद्धा न घेतलेल्या त्या बाईने माझ्याकडे पाणी मागितलं.

"ह्यो शर्ट माज्या झिलाचो न्हय," ती म्हणाली. "त्येचे कपडे माका म्हायत नायत? तुमी दुसऱ्याच कोणाक जाळलास."

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या बाईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. तिचं पिऊन होईपर्यंत आत्या थांबली, मग तिच्याजवळ सरकून बसली.

"शर्ट आमचो, वयनी," ती म्हणाली. "आत होतो तो तुमचो."