उद्घाटनाचा व्हॉल्व्ह

राजूरकडची ती बंद खदान पाण्यानं भरून कित्येक वर्षं झाली. काठापासून दोन पावलांवर तळ सुटतो आणि पाणी काळं होतं. आमच्या हौशी बचाव पथकाला पाण्याखाली जायचा पहिला संच मिळाला, त्याचं प्रात्यक्षिक तिथंच ठेवलं होतं. बुडी घेणार होते माझे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान. त्यांच्या कमरेला बांधलेला दोर माझ्या हातात.

सकाळीच आम्ही दोघांनी तपासणी उरकली होती. पट्टे, मास्क, कमरेची वजनं. शेवटी नळी तोंडात धरून श्वास घ्यायचा आणि दाबाच्या काट्याकडे पाहायचं. हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला, की प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकतो. तो स्थिर होता.

मग पाहुणे आले, उद्घाटनाला तालुक्याचे साहेब. कापायला फीत नव्हती. खदानीला ती बांधणार कुठं? सूत्रसंचालकानं युक्ती काढली : सिलिंडर बंद करायचा आणि साहेबांच्या शुभहस्ते उघडायचा. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. साहेबांनी व्हॉल्व्ह जरासा फिरवला, टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या सुरू झाल्या म्हणजे काम पुरं झालं, असं मानायची त्यांना सवय असावी.

मी भाटव्यांच्या पाठीमागून सिलिंडरकडे हात नेला.

"कायले हात लावता, साळेबुवा?" ते पुटपुटले. "सायबानं खोललं ना! समोरच उभे हायेत."

"अर्धवट खोललं असन तर? काट्याकडे पाहून एक बार श्वास घ्या."

"वर येऊन घेतो. तुमच्या बहिणीले म्हना, चहा मांड."

आणि ते उतरले.

अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून येणारी हवा काठावर पुरते. खोलात प्रत्येक श्वासाला जास्त लागते, आणि अरुंद वाटेनं तेवढी येत नाही.

बुडबुडे आधी सावकाश येत होते. मग घाईनं. मग दोराला एकामागून एक हिसके बसले. मी ओढत राहिलो. माइकवर कुणीतरी धाडसाची तारीफ करत होतं.

भाटवे वर आले ते नळी थुंकून, हात हवेत मारत. लोकांना वाटलं, अभिवादन. साहेबांनीही हात हलवला.

काठावर ते ओणवे होऊन खोकत होते. ओठ निळे पडलेले. "मागच्या मंडळींना दिसलं नाही," माइक म्हणाला, "आणखी एक बुडी होऊन जाऊ द्या!"

खोकता खोकताच भाटव्यांनी मास्ककडे हात नेला.

मी त्यांच्या कमरेच्या दोराची गाठ सोडली आणि दोर गुंडाळायला घेतला.