देव्हाऱ्यातला सोन्याचा ससा

नातीच्या बारशाला काही घ्यावं म्हणून आज सुनेबरोबर बारामतीला सराफाकडे गेले. काचेखाली सोन्याची नाणी होती, त्यांच्यावर कार्टूनमधली अस्वलं, उंदीर, ससे कोरलेले. सून हसून म्हणाली, "आत्या, ह्यो ससा घेऊ का?" मी नको म्हणाले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.

असंच सशाचं नाणं माझ्या धाकट्या दिरांनी परदेशातून माझ्या लेकीसाठी, सुलीसाठी आणलं होतं. आम्ही तेव्हा वरकुट्याला राहायचो, सुली पाच वर्षांची होती. सोनं म्हणून सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. रोज हळदकुंकू वाहून सशाचे कान लाल झाले होते. सुलीला त्या हात लावू द्यायच्या नाहीत.

तिला ताप भरला. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आये, ससा दे की. खेळत न्हाय, नुसता हातात धरती."

"देवाचं सोनं हाय ते. बरी झाल्याव बघू," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

मी तिच्या कपाळावरची ओली घडी बदलली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. आमच्यात शेवटी तोंडात सोनं घालतात. सासूबाईंनी तेच नाणं आणलं, पण ते तिच्या एवढ्याशा तोंडात मावेना. "ऱ्हाऊ दे, हातात दे तिच्या," त्या म्हणाल्या. मी तिची बोटं एकेक करून नाण्यावर मिटवली.

कितीतरी वर्षं मी सासूबाईंना दोष दिला. आता त्याही नाहीत. पण देव्हाऱ्याला कुलूप नव्हतं. सुलीनं ससा मागितला त्या दिवशी दुपारभर त्या झोपल्या होत्या आणि मी जागी होते.