चुटपुटीचा प्रश्न

तिला सगळे म्हणजेबाई म्हणत आणि त्यात कुणाचा काही दोष नव्हता. कुणी नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तरी तिच्या तोंडून लगेच "म्हणजे?" निघे. शाळेत या एका शब्दापायी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी सासूबाईंनी तर केव्हाच हात टेकले होते. भाजी बरी झाली आहे, असं म्हणायची सोय नव्हती. बरी म्हणजे कशी, कालच्यापेक्षा बरी की शेजारणीपेक्षा, हे सांगितल्याशिवाय पुढचा घास सुखानं खाता येत नसे. अशा बाईला जगात एकच नोकरी शोभली असती आणि नशिबानं तीच तिला मिळाली होती.

तिचं काम होतं प्रश्न तपासायचं. मोठ्या कंपन्या आपल्या कामगारांना छापील प्रश्न वाटतात. तुम्ही इथे खूश आहात का, साहेब नीट वागतो का, वगैरे. ते वाटण्याआधी चार माणसांवर करून बघावे लागतात, कारण विचारणाऱ्याच्या मनात एक असतं आणि ऐकणारा भलतंच धरून बसतो. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत हे ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत मालक, म्हणजे सर, प्रश्न लिहीत आणि आतल्या खोलीत म्हणजेबाई ते तपासत. आत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि एक रेकॉर्डर. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास वर येई. त्या खोलीचे नियम कडक होते. समोरच्यानं उत्तर द्यायचं आणि ते देताना मनात काय काय आलं तेही बोलून दाखवायचं. विचारणाऱ्यानं हसायचं नाही, आठ्या घालायच्या नाहीत, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. फक्त पुढचं विचारायचं. काय विचारायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

सर हे प्रकरण वेगळंच होतं. प्रश्न लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण चेहरा असा बोलका की मनातलं सगळं आधी तिथे उमटायचं. एकदा एक ड्रायव्हर आपल्या साहेबाच्या खोड्या सांगत होता, तर सर खो खो हसत सुटले. ड्रायव्हर जो गप्प झाला तो झालाच. तेव्हापासून म्हणजेबाईनं त्यांना आतल्या खोलीत यायला बंदी केली होती. मालकाला त्याच्याच ऑफिसात बंदी घालणारी बाई आणि ती निमूट पाळणारा मालक अशी ही जोडी कित्येक वर्षं भांडत, सुखानं नांदत होती.

तर झालं असं, की गाद्या बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं. आपल्या माणसांचा आपल्यावर जीव किती, कोण टिकेल आणि कोण उडून जाईल, हे कारखान्याला जाणून घ्यायचं होतं. सरांनी एक वाक्य लिहिलं, "उद्या ही कंपनी सोडली, तर मला चुटपुट लागेल." ते वाचून ज्यानं त्यानं पूर्ण पटतं, थोडं पटतं किंवा पटत नाही यांतलं एक सांगायचं. सर या वाक्यावर इतके भाळले की खाली जाऊन त्यांनी ते लाँड्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. तो बिचारा शर्ट घडी करत हो हो म्हणाला.

कारखान्यातली माणसं एकेक करून आतल्या खोलीत आली. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, पूर्ण पटतं. मनात काय आलं, तर खिडकीजवळचं मशीन. किती वर्षांनी ते तिच्या वाट्याला आलं होतं आणि ती गेली की शेजारची सटवी त्यावर बसणार, या विचारानंच तिचा जीव खालीवर होत होता. दारावरच्या वॉचमनलाही पूर्ण पटलं. फाटकामागे मांजर व्यायलं होतं, त्या पिल्लांना दूध कोण घालणार? हिशेबनीस तर प्रश्न संपायच्या आतच हो म्हणाला. कंपनी सोडली तर दिवसभर घरी बसावं लागेल आणि घरी बायकोचा भाऊ मुक्कामाला आलेला. सगळ्यांना पूर्ण पटत होतं आणि कंपनी कुणाच्याही मनात आली नव्हती.

म्हणजेबाईनं सरांना स्पष्ट सांगितलं की हा प्रश्न काढा, यात मांजर मोजलं जातंय. सर म्हणाले, मांजरासाठी का होईना, माणूस थांबतोय ना? थांबला म्हणजे झालं. यावर दोघांची रोज जुंपायची. सर तिला हट्टी म्हणायचे, ती त्यांना स्वतःच्या वाक्यावरचं आंधळं प्रेम म्हणजे काय ते विचारायची.

पण या भांडणात तिचं निम्मंच लक्ष होतं. नदीपलीकडच्या एका बड्या संस्थेनं तिला बोलावलं होतं. हाताखाली माणसं, पगार घसघशीत आणि उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. नवरा म्हणाला, विचार कसला करतेस, मुलीच्या कॉलेजचं बघायचं आहे. सासूबाई म्हणाल्या, जा बाई, तिकडे दिवसभर विचारून दमलीस तर घरी जरा शांतता मिळेल. हे सगळं सरांच्या कानावर घालायचं म्हणून ती रोज सकाळी वाक्य तयार करून जिना चढायची. वर सर नवा प्रश्न घेऊन तयारच असायचे आणि वाक्य तसंच राहून जायचं. तिला स्वतःची लाज वाटायला लागली होती. दुसऱ्यांच्या पोटातलं काढायचा पगार घेणारी ही बाई, हिच्या पोटातलं एवढंसं वाक्य बाहेर पडेना.

शुक्रवारी दुपारी पुन्हा चुटपुटीवरून भांडण झालं. सर म्हणाले, आणखी एका माणसावर करून बघू आणि निकाल लावू. माणूस कुठे आहे, असं तिनं विचारलं, तर त्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं. बंदीची आठवण करून देईपर्यंत ते आत जाऊन तिच्या खुर्चीवर बसलेही होते. नाइलाजानं ती समोरच्या खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत त्या बाजूनं तिनं ती खोली कधी पाहिली नव्हती. कारखान्याच्या जागी आपलं ऑफिस धरा, असं म्हणून सरांनी वाक्य वाचलं.

"पूर्ण पटतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

आयुष्यभर जगाला विचारलेला शब्द तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. नियम तिचाच, त्यामुळे बोलणं भाग होतं.

"मनात ऑफिस आलंच नाही, सर. तुम्ही आलात. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. तुमच्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तिकडे माझ्याशी एवढ्या प्रेमानं कोण भांडणार?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

मग तिनं सगळं सांगितलं. संस्था, पगार, आजची संध्याकाळ. बोलताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, पण त्या बोलक्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्याचीच तिला भीती वाटली. तिचं बोलून झाल्यावर सरांनी रेकॉर्डर बंद केला.

"मला माहीत आहे. त्यांनी तुमच्याबद्दल विचारायला मला फोन केला होता. मी म्हटलं, दिवा घेऊन शोधलीत तरी अशी बाई मिळायची नाही. तेव्हापासून वाट बघतोय, तुम्ही सांगाल म्हणून. बाहेरच्या खोलीत विचारायची हिंमत होईना."

"मग काय करू मी?"

"ते मी सांगायचं नसतं."

चुटपुट लागणार होती, चांगलीच लागणार होती. आणि तरीही आपण जाणार आहोत, हे तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या स्वच्छ कळलं.

"सर, मला पूर्ण पटतंय. आणि तरी मी जातेय."

सर आधी दुखावले आणि मग, काय करणार, त्यांच्यातला प्रश्न लिहिणारा जागा झाला. चुटपुट लागलेला माणूस थांबेलच असं नाही, असं ते हळूहळू, स्वतःलाच समजावल्यासारखं बोलले. मग हा प्रश्न कुणाच्याच कामाचा नव्हता. मांजराचा त्यात काही दोष नव्हता, ही बाब म्हणजेबाईच्याही आता ध्यानात आली आणि तिनं तसं कबूल केलं. सरांनी लाल पेन काढलं आणि आपल्या लाडक्या वाक्यावर सरळ रेघ ओढली.

"जा तू," ते म्हणाले. इतक्या वर्षांचं अहोजाहो त्या दोन शब्दांत सुटलं आणि ते दोघांनाही कळलं.

तिनं बाहेर येऊन तिकडे फोन लावला, होकार कळवला आणि फोन ठेवल्यावर लहान पोरासारखं भोकाड पसरलं. सरांनी खिशातला रुमाल काढून तिला दिला. मग त्यांनाच गरज पडली, म्हणून परत मागून घेतला.